कोठडी ही शिक्षा नाही: मराठी वृत्तपत्रांच्या आणि वाहिन्यांच्या संपादकांना खुले पत्र

सन्माननीय संपादकहो,

मी तालुक्याच्या न्यायालयात वकिली करते. विधी सेवा समितीच्या यादीवर माझे नाव आहे, म्हणजे ज्यांना वकील लावणे परवडत नाही त्यांची कामे माझ्याकडे येतात. त्यातली बरीचशी अटकेनंतरच्या पहिल्या दिवसांतली असतात. रिमांडला, म्हणजे कोठडीच्या सुनावणीला, उभे राहायचे, पोलिसांनी मागितलेली कोठडी कशासाठी हवी आहे ते विचारायचे, जामिनाचा अर्ज टाकायचा आणि मग बाहेर येऊन व्हरांड्यात ताटकळलेल्या घरच्यांना आत काय झाले ते समजावून सांगायचे. मला हे शेवटचे काम सगळ्यांत जड जाते. घरच्यांनी सकाळी वर्तमानपत्रात किंवा रात्री टीव्हीवर जे वाचले-ऐकलेले असते, ते आधी त्यांच्या डोक्यातून काढावे लागते. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, आणि तुमच्या वाचकांसमोर लिहिते आहे.

निमित्त एका बातमीचे झाले. चोरीच्या संशयावरून एका तरुणाला अटक झाली. न्यायालयाने त्याला पोलीस कोठडी दिली, म्हणजे तो त्याच तालुक्याच्या पोलीस ठाण्यातल्या लॉकअपमध्ये होता. दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली ती अशी की आरोपीची तुरुंगात रवानगी झाली. त्याची आई मजुरीला जाते. शेजाऱ्यांनी तिला बातमी वाचून दाखवली आणि ती एसटीने जिल्ह्याच्या गावी, कारागृहाच्या दाराशी जाऊन उभी राहिली. या नावाचा कोणी इथे आलेला नाही, असे तिथे तिला सांगण्यात आले. मुलगा तुरुंगातही नाही आणि घरीही नाही, याचा अर्थ तिने काय लावला असेल ते मी लिहीत नाही. ती माझ्यापर्यंत पोहोचली तोवर पोलीस कोठडी संपली होती. घरच्या माणसाने ठाण्यात जाऊन त्याला डोळ्यांनी पाहण्याची ज्या दिवसांत खरी गरज होती, ते दिवस निघून गेले होते.

मी त्या दैनिकाच्या कार्यालयाला दुरुस्ती छापण्याची विनंती केली. उत्तर मिळाले, ‘कोठडी काय आणि तुरुंग काय, माणूस आतच ना?’ दुरुस्ती आली नाही. त्या दैनिकाचे नाव मी घेत नाही, कारण त्या एकट्याने ही चूक केली असे नाही. उलट हे उत्तर आपल्या बहुतेक वृत्तकक्षांतून मिळाले असते, अशी माझी खात्री आहे, आणि ते मला गप्प बसून मान्य करता येत नाही.

माणूस आत असतो हे खरे आहे. पण कोणाच्या ताब्यात आणि किती काळासाठी, यावर त्याचे पुढचे सगळे अवलंबून असते.

संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाने सांगितले आहे की अटक केलेल्या माणसाला २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे उभे केलेच पाहिजे. त्याच्या हुकमाशिवाय त्यापुढे एक तासही अडकवून ठेवता येत नाही. या २४ तासांत आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्याने दिलेल्या मुदतीत माणूस पोलीस ठाण्यातल्या ज्या खोलीत असतो, ती पोलीस कोठडी. लोक तिला लॉकअप म्हणतात, जुनी माणसे हवालात म्हणत. ही खोली थोड्या दिवसांसाठीच आहे. सर्वसाधारण गुन्ह्यांत कायद्याने पोलीस कोठडीला एकूण पंधरा दिवसांची मर्यादा घातली आहे. त्यापुढे त्या गुन्ह्यात तपासासाठी माणूस पोलिसांच्या हाती ठेवता येत नाही.

तुरुंग ही निराळी व्यवस्था आहे. १८९४ च्या कारागृह अधिनियमाच्या व्याख्येतच म्हटले आहे की ज्या जागेत फक्त पोलिसांच्या ताब्यातली माणसे ठेवली जातात, ती जागा तुरुंग नव्हे. तुरुंगाला अधीक्षक असतो, वैद्यकीय अधिकारी असतो, मुलाकातीची पद्धत असते, आत येणाऱ्याची नोंद असते. तिथल्या शिपायाला तुमच्या खटल्यात काय निघते याच्याशी देणेघेणे नसते. लॉकअपमध्ये मात्र ज्याला तुमच्याकडून कबुली हवी आहे, त्याच्याच ठाण्यात तुमच्या दाराची किल्ली असते. लॉकअप आणि तुरुंग यांतला खरा फरक हा आहे. भिंती, गज आणि कुलूप दोन्हीकडे सारखेच असतात.

आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली तक्रार ‘सुनावली’ या क्रियापदाबद्दल आहे. ‘न्यायालयाने आरोपीला चार दिवसांची पोलीस कोठडी सुनावली.’ हे वाक्य रोज कुठल्या ना कुठल्या पानावर असते. कुठे ‘ठोठावली’ असते. मराठीत शिक्षा सुनावतात, जन्मठेप सुनावतात, दंड ठोठावतात. ही क्रियापदे निकालानंतरची आहेत. रिमांडच्या दिवशी कसलाही निकाल झालेला नसतो. दोषारोपपत्र आलेले नसते, साक्षीदार तपासलेला नसतो, पुष्कळदा वकीलसुद्धा त्याच सकाळी नेमलेला असतो. पोलिसांनी तपासासाठी इतके दिवस मागितले, दंडाधिकाऱ्याने कागद पाहून तितके किंवा त्याहून कमी दिले, एवढेच घडलेले असते. पण वाचणाऱ्याला वाटते की न्यायाधीशाने ऐकून घेतले, गुन्हा पटला आणि चार दिवसांची शिक्षा दिली. मग माणूस जामिनावर सुटून आला की गाव म्हणते, शिक्षा भोगून आला. भावकीत तेच, सोयरिकीत तेच.

शिक्षा नसतानाही कोठडीचे परिणाम शिक्षेसारखे होतात, म्हणून तर शब्द जपून वापरायला हवा. राज्य शासनाच्या नोकरीतला माणूस ४८ तासांहून जास्त काळ कोठडीत राहिला, तर १९७९ च्या शिस्त व अपील नियमांनुसार तो निलंबित झाला असे मानले जाते. रोजंदारीवरच्या माणसाचे काम तर पहिल्याच दिवशी जाते. देशातल्या कारागृहांत दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. एवढ्या मोठ्या संख्येने माणसे निकालाआधीच आत असताना, त्यांच्याबद्दल निकाल लागला असल्याची भाषा वापरण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

दुसरी तक्रार सरमिसळीची आहे. एकाच बातमीच्या मथळ्यात ‘गजाआड’, पहिल्या ओळीत ‘तुरुंगात’, पुढे ‘कोठडीत’ आणि शेवटी ‘जेलची हवा’ असते. उपसंपादकाला शब्दाची पुनरावृत्ती टाळायची असते, हे मी समजू शकते. शाळेत आपल्याला तेच शिकवलेले असते. पण हे समानार्थी शब्द नाहीत. खुद्द ‘कोठडी’ हाच शब्द आपल्या भाषेत तीन कामे करतो. ठाण्यातली खोली म्हणजे कोठडी. न्यायालयाच्या हुकमाने माणूस ज्या ताब्यात असतो तो ताबा म्हणजेही कोठडी. आणि तुरुंगाच्या आत एकट्या कैद्याला ठेवायची जागा, तीही कोठडीच. संदर्भ दिल्याशिवाय तो कळतच नाही. त्यात तालुक्याच्या ठिकाणी, बहुधा तहसील कचेरीच्या आवारात, दुय्यम कारागृह असते, ज्याला सगळे सबजेल म्हणतात. ते काही गावांत पोलीस ठाण्याला लागून आहे. बातमीत यातले नेमके काय ते नसेल, तर घरच्यांनी डबा कुठे न्यायचा? कच्च्या कैद्याला तुरुंगातही बाहेरून अन्न आणि कपडे मिळवण्याची सोय त्याच १८९४ च्या कायद्यात आहे. पण आधी तो कुठे आहे ते कळायला हवे.

तिसरी तक्रार ‘न्यायालयीन कोठडी’बद्दल. हा शब्द तुम्ही घडवलेला नाही, कायद्याच्या वापरातून आला आहे, आणि मी तो बदला म्हणत नाही. पण तो उलगडून सांगा. ‘न्यायालयीन कोठडी झाली’ हे वाचून लोक खरोखरच कोर्टाच्या इमारतीत येतात आणि माणूस कुठल्या खोलीत ठेवला आहे ते बेलिफाला विचारतात. त्यांची चूक नाही, शब्दांचा सरळ अर्थ तोच होतो. आमच्या आवारात पोलीस आणि वकील पीसीआर आणि एमसीआर म्हणतात. पीसीआर म्हणजे पोलिसांचा ताबा, एमसीआर म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने तुरुंगात. एवढे एक वाक्य बातमीत आले की काम झाले.

आणि इथेच एक मोठी गोष्ट तुमच्याकडून निसटली आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जुन्या कायद्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली लावलेल्या अर्थाप्रमाणे, पोलीस कोठडी मिळायची ती पहिल्या पंधरा दिवसांतच. त्यानंतर माणूस तुरुंगात गेला की त्या गुन्ह्यात पोलिसांच्या हाती परत येत नसे. नव्या संहितेच्या कलम १८७ मध्ये एकूण पंधराच दिवस ठेवले आहेत, पण ते तुकड्यातुकड्यांनी घेता येतात. ज्या गुन्ह्यांत तपासाला ६० दिवसांची मुदत आहे तिथे पहिल्या ४० दिवसांत, आणि ९० दिवसांची आहे तिथे पहिल्या ६० दिवसांत. त्यामुळे ‘न्यायालयीन कोठडीत रवानगी’ या बातमीचा अर्थ बदलला आहे. पूर्वी हे वाचून घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला तर ते रास्त होते, आता पोलीस त्याला पुन्हा मागू शकतात. ‘पीसीआरचा हक्क राखून एमसीआर’ ही आमच्याकडची नेहमीची मागणी आता कितीतरी आठवडे जिवंत राहते. बातम्या मात्र २०२४ च्या आधी जशा लिहिल्या जात, तशाच आजही लिहिल्या जातात. एका कायद्याने लाखो कुटुंबांच्या वाट्याला येणारी अनिश्चितता वाढवली आणि जिल्हा आवृत्त्यांच्या भाषेत त्याची खूणही उमटली नाही, याचे मला फार वाईट वाटते.

त्याच कलमातली दुसरी बाजूही लोकांना सांगा. ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर आरोपीला जामीन मागण्याचा हक्क मिळतो. तो त्या वेळीच मागावा लागतो, नंतर दोषारोपपत्र आले की गेला. ज्या बातमीत कोठडीची तारीख आणि प्रकार नीट असतो, त्या बातमीवरून अडाणी म्हणवला जाणारा बापसुद्धा दिवस मोजू शकतो.

चौथी तक्रार ‘ताब्यात घेतले’ या शब्दांबद्दल आहे. ‘पोलिसांनी तिघांना चौकशीसाठी ताब्यात घेतले असून रात्री उशिरापर्यंत अटक दाखवण्यात आली नव्हती.’ तुम्ही हे वाक्य सहज लिहून जाता. त्यात ‘दाखवण्यात’ हे क्रियापद किती भयंकर आहे ते एकदा पाहा. माणूस ठाण्यात आहे, त्याला उठून घरी जाता येत नाही, आणि तरी कागदावर त्याची अटक नाही. मग २४ तास कधीपासून मोजायचे? माणसाची मोकळीक गेली तिथून मोजायचे, की ठाण्याने डायरीत लिहिले तिथून? या फटीतच सगळ्यांत वाईट गोष्टी घडतात.

१९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तिला अटक झालेली नव्हती. घरच्यांच्या तक्रारीवरून जबाबासाठी तिला ठाण्यात आणले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली त्या पोलिसांना निर्दोष ठरवले, तेव्हा उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. संमती देणे आणि दबावाखाली शरण जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा त्या पत्रातला एक मुख्य मुद्दा होता. त्यातून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली कायदा बदलला. ताब्यातल्या स्त्रीवरचा अत्याचार हा वेगळा, अधिक गंभीर गुन्हा ठरला. दोन शब्दांतला फरक नीट सांगण्यासाठी त्या चौघांनी लेखणी उचलली होती. तुमच्या हातात तर रोज लेखणी असते.

‘ताब्यात घेतले’ लिहायचे असेल तर लिहा, पण किती वाजता ते लिहा. आणि दुसऱ्या दिवशी विचारा की न्यायालयापुढे कधी आणले. नव्या संहितेच्या कलम ३७ ने प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्यात एक अधिकारी नेमून अटक केलेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप यांची माहिती ठेवायला आणि लावायला सांगितले आहे. तुमच्या वार्ताहराने ती यादी पाहायला किती वेळ लागतो?

पाचवी तक्रार लिहिताना माझा हात थरथरतो. ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ ‘पोलिसांचा पाहुणचार.’ ‘प्रसाद मिळताच पोपटासारखा बोलू लागला.’ संपादकहो, याचा अर्थ मारले असा आहे. तुम्हाला तो माहीत आहे, वाचकालाही माहीत आहे. बांधलेल्या माणसाला, ज्याच्या अंगावर हात टाकायला कायद्याने मनाई आहे, मारहाण झाली, आणि तुम्ही ती बातमी हसत हसत, पोलिसांच्या कौतुकाच्या सुरात छापली. त्याच पानावर दुसऱ्या कुणी दुसऱ्याला काठीने मारले तर ‘बेदम मारहाण, गुन्हा दाखल’ असा मथळा असतो.

आणि ज्या कबुलीसाठी हे कौतुक चालते ती न्यायालयात चालत नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. त्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली तर तेवढ्यापुरता भाग वापरता येतो, इतकेच. ही मनाई इंग्रजांच्या काळापासून आहे, कारण ठाण्यात कबुली कशी मिळते हे त्या राज्यकर्त्यांनाही ठाऊक होते. असे असताना ‘कबुली दिली’ हा मथळा करून तुम्ही गावापुढे खटल्याचा निकाल लावता.

रिमांडच्या वेळी दंडाधिकारी प्रत्येक आरोपीला विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ बहुतेक जण मान हलवून नाही म्हणतात. मी शेजारी उभी असते. ज्या शिपायाने हात धरून आणले त्याच्याच सोबत त्याला पाच मिनिटांनी परत त्याच ठाण्यात जायचे असते. घरचे कोणी समोर दिसले, वकील आधी भेटलेला असला, तर तोंडातून दोन शब्द निघतात. न्यायालयाने नेमून दिलेल्या संरक्षणाचा उपयोग इतक्या लहान गोष्टींवर टिकून असतो, आणि घरच्यांना ती वेळ आणि ती जागा बहुधा बातमीतूनच कळते.

तुमच्याच व्यवसायाने एकदा या बाबतीत फार मोठे काम केले आहे. डी. के. बसू हे पश्चिम बंगालमधल्या विधी सेवा संस्थेचे कार्याध्यक्ष. त्यांनी १९८६ साली सरन्यायाधीशांना पत्र लिहिले आणि त्या पत्राला आधार होता वर्तमानपत्रांत आलेल्या बातम्यांचा, पोलीस लॉकअपमध्ये झालेल्या मृत्यूंच्या. सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. डिसेंबर १९९६ मध्ये निकाल आला. अटकेच्या वेळी साक्षीदाराच्या सहीने पंचनामावजा मेमो करायचा, नातेवाइकाला कळवायचे, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करायची, चौकशीदरम्यान वकिलाला भेटू द्यायचे, हे सगळे त्या निकालाने बंधनकारक केले. २०२० साली परमवीर सिंग सैनी यांच्या खटल्यात न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, लॉकअपसह, कॅमेरे लावायला सांगितले. या साखळीची पहिली कडी म्हणजे कुठल्या तरी वार्ताहराने नेमकी लिहिलेली बातमी. त्याने ‘लॉकअपमध्ये मृत्यू’ असे लिहिले. ‘खाक्या’ असे लिहिले असते तर बसूंच्या हाती काय लागले असते?

सहावी तक्रार मुलांबद्दल आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलीस लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या दहाव्या कलमात हे स्पष्ट आहे, गुन्हा कितीही गंभीर असो. त्याला बाल न्याय मंडळापुढे नेतात आणि गरज पडली तर निरीक्षणगृहात ठेवतात. तरी ‘अल्पवयीन आरोपीला कोठडी’ असे मथळे येतात. एक तर ती बातमी चुकीची आहे, किंवा पोलिसांनी बेकायदा कृत्य केले आहे आणि मग तीच खरी बातमी आहे. दोन्हीपैकी काय ते वार्ताहराने शोधायला हवे.

तुमची बाजू मला माहीत आहे. तालुक्याचा वार्ताहर तुटपुंज्या मानधनावर काम करतो, पोलिसांची प्रेसनोट मोबाइलवर येते, ती रात्रीच्या आत पाठवायची असते, आणि ठाण्याशी संबंध बिघडले तर उद्याची बातमी मिळत नाही. त्या वार्ताहरांबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यातले बरेच आमच्या आवारात उन्हातान्हात उभे असतात आणि वकिलांपेक्षा जास्त गोष्टी त्यांना माहीत असतात. पण प्रेसनोटमधला शब्द जसाच्या तसा छापायचा की तपासायचा, हे मुख्य कार्यालय ठरवते. म्हणून पत्र त्यांना लिहिलेले नाही, तुम्हाला लिहिले आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

पोलीस किंवा न्यायालयीन कोठडीसाठी ‘सुनावली’ आणि ‘ठोठावली’ ही क्रियापदे आजपासून बंद करा. ‘पोलिसांनी सात दिवस मागितले, न्यायालयाने तीन दिवस मंजूर केले’ असे लिहा, आणि कोठडी कशासाठी मागितली तेही एका वाक्यात लिहा. मागितले किती आणि मिळाले किती हे छापून येऊ लागले, तर रिमांड रिपोर्टही जरा विचार करून लिहिले जातील.

माणूस प्रत्यक्ष कुठे आहे ते प्रत्येक बातमीत द्या. अमुक पोलीस ठाण्याचे लॉकअप, अमुक तालुक्याचे दुय्यम कारागृह किंवा अमुक जिल्हा कारागृह. कोठडी कोणत्या तारखेपर्यंत आहे तेही द्या.

‘ताब्यात घेतले’ असे लिहिले की वेळ द्या, आणि २४ तासांनंतर त्याची पाठपुराव्याची बातमी द्या, एक ओळीची का असेना.

‘खाक्या’, ‘पाहुणचार’, ‘प्रसाद’, ‘हिसका’ हे शब्द कोठडीच्या बातमीतून काढून टाका. मारहाण झाल्याचे वार्ताहराला समजले असेल, तर ती मारहाण म्हणून छापा आणि वैद्यकीय तपासणी झाली का ते ठाण्याला विचारा.

अल्पवयीन मुलांच्या बाबतीत कोठडी, तुरुंग, जेल यांपैकी कोणताही शब्द वापरू नका.

ज्याच्या अटकेची बातमी नावासह छापली, त्याच्या जामिनाची आणि निर्दोष सुटकेची बातमीही नावासह, तितक्याच ठळकपणे छापा. हे लांबचे काम आहे, खटले वर्षानुवर्षे चालतात. तरी करायला हवे.

आणि कोठडीच्या बातम्यांच्या पानावर रोज एक चौकट द्या. कोठडीत असलेल्या कोणालाही, त्याचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिलेला आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे. चौकटीला तीन ओळी पुरतात. एवढी जागा तुमच्या पानावर निघेल.

यातले काही जमणार नसेल तर का जमणार नाही ते सांगा. माझ्यासारखे विधी सेवेचे वकील जवळपास प्रत्येक तालुक्याला आहेत. तुमच्या वार्ताहरांसाठी आणि उपसंपादकांसाठी एखादी दुपार काढायची तयारी असेल, तर आम्ही रिमांडचे कागद घेऊन येऊ, नावे झाकून, आणि पीसीआर, एमसीआर, दुय्यम कारागृह हे सगळे एकेक करून दाखवू. मानधन नको. उत्तर मला खासगीत पाठवू नका, तुमच्याच पानावर छापा. ज्यांनी ती बातमी वाचली होती, त्यांनी हेही वाचावे.

त्या तरुणाचा खटला अजून चालू आहे, म्हणून मी माझे आणि माझ्या तालुक्याचे नाव देत नाही.

आपली,
विधी सेवा समितीच्या यादीवरील एक वकील